अण्णांच्या पायाची नाडी

मी जहराहून बोलतोय. डॉक्टर नाही, आयटीवाला आहे. तरी आज डॉक्टरांच्या अभ्यासाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचा संबंध माझ्या वडिलांच्या पायाशी आहे.

आमचे अण्णा एसटीतून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यात राहतात. पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि त्याहून जुनी बिडी. दोनेक वर्षांपूर्वी फोनवर म्हणाले, "बाजारात जाताना पोटरी भरून येते रे. जरा थांबलं की बरं वाटतं." आमचे नेहमीचे डॉक्टरकाका म्हणाले, वयोमान आहे, फार चालू नका. कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आम्हीही निश्चिंत झालो.

सुट्टीवर गेलो तेव्हा अण्णांनी मोजा काढला, तर पायाचं बोट काळं पडलेलं. शहरातल्या डॉक्टरबाईंनी आधी पायावर आणि घोट्यामागे बोटं ठेवली. नाडी लागेना. मग घोट्याचा रक्तदाब घेतला आणि त्याला दंडाच्या दाबाने भागलं. हे उत्तर ०.९ किंवा कमी आलं, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं मानतात. अण्णांचं ०.५ आलं. अँजिओप्लास्टी झाली. एक बोट गेलं, पाय वाचला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण डॉक्टरकाका प्रामाणिक माणूस. त्यांनी आमच्याकडून कित्येकदा पैसेही घेतलेले नाहीत. चुकलं ते त्यांचं शिक्षण जुनं झालं म्हणून. चालल्यावर दुखणारी आणि थांबल्यावर राहणारी पोटरी ही रक्तवाहिनीच्या आजाराची जुनीच खूण आहे. उपचार मात्र बदलत गेले. आज अशा रुग्णाला, पायाला जखम नसेल तर, उलट चालायला सांगतात: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. मधुमेहात धमन्या कडक होतात, मग घोट्याचा आकडा १.४ च्याही वर जाऊन फसवतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. २०१७ च्या 'कंपास' या मोठ्या अभ्यासात ॲस्पिरिनबरोबर रिव्हारोक्साबॅनचा छोटा डोस दिल्यावर पाय गमावण्याचा धोका घटला, रक्तस्रावाचा मात्र वाढला. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे १९८५ साली पास झालेल्या डॉक्टरला पुन्हा वर्गात बसल्याशिवाय कसं कळणार?

आमच्या धंद्यात सर्टिफिकेटची मुदत दोन-तीन वर्षांत संपते. नवी परीक्षा दिली नाही, तर क्लायंट उभं करत नाही. डॉक्टरांनाही असा नियम आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करताना पाच वर्षांत ३० क्रेडिट तास दाखवावे लागतात. इथे कुवेतमध्ये १९८४ साली सुरू झालेली 'किम्स' ही संस्था डॉक्टरांचं विशेष आणि निरंतर शिक्षण पाहते. आणि गरज इथेही तेवढीच आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार कुवेतमध्ये चारपैकी जवळजवळ एका प्रौढाला मधुमेह आहे. २०१८ साली उघडलेलं जहराचं नवं रुग्णालय कितीही मोठं असलं, तरी पहिला मोजा कुणीतरी काढायला लावल्याशिवाय रुग्ण तिथे वेळेत पोचत नाही.

पण तास भरणं आणि शिकणं यांत फरक आहे. एमबीए करताना आम्हीही हजेरीपुरते सेमिनार केलेत. सही केली, जेवलो, निघालो. तीस तास त्वचारोगाचे ऐकले तरी नियम पुरा होतो, पायाची नाडी मात्र तशीच राहते. ज्या गावात मधुमेही जास्त, तिथल्या डॉक्टरला हाताने करून बघायची कार्यशाळा मिळायला हवी, तीही त्याच्या गावाजवळ.

आता पुढचं सांगतो. अण्णा घरी आल्यावर डॉक्टरकाका भेटायला आले. बराच वेळ गप्प बसले. मग अण्णांना म्हणाले, "मास्तर चुकला तर पोरगं नापास होतं. इथं तुमचं बोट गेलं." काही महिन्यांनी ते पुण्याला एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले. वय ६८. येताना खिशात मावणारा डॉपलर घेऊन आले. आता त्यांच्या दवाखान्यात प्रत्येक मधुमेही आधी चपला काढतो.

मंडळी, आपण दूर आहोत. तरी या शुक्रवारी फोन कराल तेव्हा "जेवलात का" नंतर आणखी तीन प्रश्न विचारा. चालताना पोटरी दुखते का? पायाला न भरणारी जखम आहे का? आणि डॉक्टरांनी शेवटचं पायाला हात लावून कधी पाहिलं? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही, तर दवाखान्यात जाताना मोजे काढूनच बसायला सांगा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

काळजी घ्या. नमस्कार.