एमआरआयची सीडी उघडताना: डावं की उजवं?

डोक्याच्या एमआरआयची सीडी हातात आली की ती लॅपटॉपवर उघडायची कशी, हा आजचा विषय. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगणार नाही. फाइल नीट उघडली का, एवढंच बघू.

सीडीत शेकडो फाइल्स दिसतात आणि बऱ्याचदा नावापुढे डॉट-जेपीजीसारखं काहीच नसतं. लोकांना वाटतं, सीडी खराब आहे. तसं नाही, या डायकॉम फाइल्स आहेत. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी असायची. म्हणून अमेरिकेत १९८५ मध्ये पहिलं स्टँडर्ड आलं आणि १९९३ मध्ये त्याचं डायकॉम झालं. अशा फाइलमध्ये पहिले १२८ बाइट्स सोडले की डी-आय-सी-एम ही चार अक्षरं येतात. सॉफ्टवेअर त्यावरून फाइल ओळखतं.

आता इम्पोर्ट. थ्रीडी स्लायसर फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पण ते अभ्यासासाठी, उपचार ठरवायला नाही. एकेक फाइल उघडत बसू नका. अख्खं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा आणि डायकॉम मोड्यूलमध्ये टाका. मग पेशंट, त्याखाली स्टडी, त्याखाली सिरीज अशी यादी येते: टी१, टी२, फ्लेअर. मोजक्याच चित्रांची सिरीज दिसली तर तो बहुधा लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायला काढलेला कच्चा स्कॅन.

बहुतेक वेळा एक फाइल म्हणजे पावाची एक स्लाइस. त्यांचा क्रम नावावरून नाही, फाइलच्या आत लिहिलेल्या पोझिशनवरून लागतो. मधल्या फाइल्स गळाल्या तर मेंदूचं मापच बिघडतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. डायकॉममध्ये एक्स अक्ष पेशंटच्या डावीकडे वाढतो. रिसर्चवाल्यांच्या निफ्टी फॉरमॅटमध्ये तोच उजवीकडे! चांगला कन्व्हर्टर हे सांभाळतो. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट सांभाळेलच असं नाही, आणि मग उजवीकडची गाठ डावीकडे दिसते. मेंदू दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, त्यामुळे नुसतं बघून चूक कळत नाही. शिवाय रेडिओलॉजीत आपण पेशंटच्या पायाकडून बघतो. त्याची उजवी बाजू स्क्रीनवर डावीकडे येते. म्हणून कडेची ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरं आधी शोधा.

माझ्या मावशीच्या वेळी घरच्यांनी फिल्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. डॉक्टर म्हणाले, “फोटो नको, सीडीच आणा.” बरोबरच होतं. फिल्म उलटी धरली की बाजू बदलते आणि जेपीजीत करड्या रंगाच्या फक्त २५६ छटा उरतात. मूळ फाइलमध्ये त्या हजारो असू शकतात.

शेवटचं. फाइलच्या आत पेशंटचं नाव आणि जन्मतारीख असते. फाइलचं नाव बदलून ती जात नाही, अ‍ॅनॉनिमाइझ करावं लागतं. आणि पूर्ण थ्रीडी स्कॅनमधून चेहराही उभा करता येतो! तेव्हा ग्रुपवर टाकू नका. मूळ सीडी जपून ठेवा, काम कॉपीवर करा. काही अडलं तर कळवा. भेटू पुढच्या भागात!