लोनवर गेलेली पोरं



21 ऑक्टोबर 2017 च्या रात्री इथल्याच, गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना झाला. इंग्लंड विरुद्ध अमेरिका. तुमच्यातले काहीजण त्या गर्दीत नक्की असतील. रियान ब्रूस्टर नावाच्या पोरानं पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले, अगदी शेवटी पेनल्टीवर तिसरा केला आणि इंग्लंड 4-1 जिंकलं. चार दिवसांनी कोलकात्यात त्यानं ब्राझीललाही तीन गोल मारले. अंतिम सामन्यात स्पेननं दोन गोलांची आघाडी घेतली होती. ती फेडून इंग्लंडनं 5-2 अशी बाजी मारली. ब्रूस्टर आठ गोल करून सोनेरी बुटाचा मानकरी ठरला आणि फिल फोडन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू.

चषक उंचावलेल्या त्या मुलांचं पुढं काय झालं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ती लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल, मँचेस्टर सिटी अशा गडगंज क्लबांच्या अकादमीत वाढलेली होती. जगज्जेती होऊन ती घरी परतली आणि पहिल्या संघाचं दार बहुतेकांना बंदच मिळालं. त्या दारामागं आधीच कोट्यवधी पौंड मोजून आणलेले खेळाडू बसलेले होते. मग एकेकाला सांगितलं गेलं, लोनवर जा.

लोनचा व्यवहार थोडक्यात असा. खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो. दुसरा क्लब त्याला सहा महिने किंवा वर्षभर खेळवतो, त्याच्या पगाराचा काही वाटा उचलतो, कधी वर फीही देतो. जानेवारीत परत बोलावण्याची मुभा मूळ क्लब बऱ्याचदा करारातच ठेवतो. मुलगा गाव बदलतो, भाड्याचं घर घेतो, नव्या प्रशिक्षकाच्या मनात जागा मिळवू पाहतो. तोवर हंगाम अर्धा सरलेला असतो.

या विषयाचा विचार करताना माझं लक्ष सर्वांत जास्त खिळून राहतं ते जानेवारी 2020 वर. वेल्समधला स्वान्सी हा क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. त्या एका महिन्यात तिथं तीन मुलं लोनवर आली. लिव्हरपूलकडून ब्रूस्टर, चेल्सीकडून कॉनर गॅलगर आणि मार्क गेही. तिघंही आपण पाहिलेल्या त्या विश्वविजेत्या संघातले. हा योगायोग नव्हता. स्वान्सीचा प्रशिक्षक होता स्टीव्ह कूपर, म्हणजे 2017 मध्ये याच मुलांना घेऊन भारतात आलेला माणूस. कोणता मुलगा दडपणाखाली कसा वागतो, कोणाला कुठं उभं केलं की तो खुलतो, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ओळख करून घेण्यात त्याचा एक आठवडाही वाया जाणार नव्हता.

ब्रूस्टरला तर याची फारच गरज होती. भारतातून परतल्यावर दोन-अडीच महिन्यांतच त्याच्या घोट्याला जबर दुखापत झाली होती आणि तो वर्षाहून जास्त काळ बाहेर होता. 2019 च्या चँपियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो लिव्हरपूलच्या बाकावर होता. पदक मिळालं, मैदानावर पाऊल पडलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या गळ्यात युरोपातलं सर्वांत मोठं पदक आहे आणि पायात एका हंगामाचाही सराव नाही, ही अवस्था मला फार क्लेशाची वाटते. स्वान्सीत अर्ध्या हंगामात त्यानं अकरा गोल केले. शेवटच्या दिवशी स्वान्सीनं रेडिंगला 4-1 हरवलं आणि गोलफरकावर नॉटिंगहॅम फॉरेस्टला मागं टाकून वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचा प्ले-ऑफ गाठला. तिथं ब्रेंटफर्डकडून ते हरले, पण परतीच्या सामन्यातला स्वान्सीचा एकमेव गोल ब्रूस्टरचाच होता.

पुढची कहाणी मात्र ऐकवताना वाईट वाटतं. त्या अकरा गोलांच्या बळावर शेफील्ड युनायटेडनं ऑक्टोबर 2020 मध्ये त्याला साधारण 2 कोटी 35 लाख पौंडांना विकत घेतलं. क्लबच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खरेदी होती. प्रीमियर लीगच्या त्या अख्ख्या हंगामात त्याला एकही गोल करता आला नाही, संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि मग दुखापतींनी पुन्हा डोकं वर काढलं. सहा महिन्यांपूर्वी सहज गोल करणाऱ्या मुलाची प्रतिभा आटली होती, असं मी मानत नाही. त्याला ओळखून वापरणारा माणूस बाजूला झाला होता आणि अंगावर किमतीचं ओझं आलं होतं. लोनची परीक्षा तो उत्तम पास झाला होता. पण ते गुण कूपरच्या वर्गात मिळालेले होते, ही गोष्ट खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात घेतली नाही.

कूपरची आणखी एक गोष्ट सांगतो. फातोर्ड्यात ब्रूस्टरच्या तीन गोलांखेरीज इंग्लंडचा उरलेला गोल मॉर्गन गिब्ज-व्हाइटचा होता. वुल्व्हज या त्याच्या क्लबनं त्यालाही स्वान्सीला पाठवलं, पण पायाच्या दुखापतीनं तो डाव मोडला. पुढं 2021-22 मध्ये तो शेफील्ड युनायटेडला लोनवर गेला आणि बहरला. त्या वर्षीच्या प्ले-ऑफमध्ये त्याची गाठ पडली ती कूपरच्याच नव्या संघाशी, नॉटिंगहॅम फॉरेस्टशी. सामना पेनल्टींवर गेला आणि गिब्ज-व्हाइटची पेनल्टी हुकली. फॉरेस्ट वर चढलं. ऑगस्टमध्ये कूपरनं भली मोठी रक्कम मोजून त्यालाच विकत घेतलं. एका हुकलेल्या पेनल्टीवरून मुलाचं मोल ठरवायचं नसतं, हे त्याला लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही. दोन वर्षांत गिब्ज-व्हाइट इंग्लंडच्या मुख्य संघात पोचला.

आता गॅलगर आणि गेही. या दोघांची तुलना मला विलक्षण वाटते. दोघं चेल्सीच्या अकादमीतले, दोघं स्वान्सीला एकत्र, आणि 2021 च्या उन्हाळ्यात दोघंही दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दाखल झाले. फरक एवढाच की चेल्सीनं गेहीला विकलं होतं आणि गॅलगरला लोनवर दिलं होतं. गॅलगरनं लीगमध्ये आठ गोल केले, नोव्हेंबरमध्ये इंग्लंडकडून पदार्पण केलं, पॅलेसच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. एप्रिल 2022 मध्ये पॅलेसनं एफए कपची उपांत्य फेरी गाठली. वेंब्लीवर समोर होती चेल्सी. पॅलेसनं गॅलगरला खेळवायची परवानगी मागितली, चेल्सीनं नाकारली. गेही मैदानात उतरला. ज्याच्या जोरावर हंगाम उभा राहिला तो गॅलगर त्या दिवशी खेळू शकला नाही. पॅलेस 2-0 हरलं.

चेल्सीनं नियम मोडला नव्हता. आपलाच खेळाडू आपल्याविरुद्ध उतरू नये, असं कोणत्याही मालकाला वाटेल. तरीही मला हे पटत नाही. मुलगा शिकावा म्हणून पाठवायचा आणि त्याच्या शिकण्यातला सर्वांत मोठा दिवस आला की तो हिरावून घ्यायचा, हे शिक्षण म्हणवत नाही. गेही पुढं पॅलेसचा कर्णधार झाला आणि 2025 मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून क्लबनं तोच एफए कप जिंकला. गॅलगर चेल्सीत परतला, जीव तोडून खेळला, 2023-24 मध्ये अनेकदा कर्णधारही होता. 2024 मध्ये त्याला माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोला विकलं गेलं. अकादमीत घडलेला खेळाडू विकला की हिशेबाच्या वहीत जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून पडते, हे त्यामागचं एक ठळक कारण.

छोट्या क्लबांची बाजूही ऐका. स्वान्सीला जाण्यापूर्वी गॅलगर चार्लटनमध्ये लोनवर होता आणि तिथं उत्तम खेळत होता. जानेवारीत चेल्सीनं त्याला उचललं आणि दुसरीकडे दिलं. जुलैमध्ये, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, चार्लटन खालच्या श्रेणीत गेलं. ते केवळ त्याच्या जाण्यानं घडलं असं म्हणणार नाही. पण ज्याच्याभोवती संघ बांधला तो खेळाडू हंगामाच्या मध्यावर निघून गेला, तर प्रशिक्षकानं करायचं काय?

एकेकाळी चेल्सीचे चाळीसेक खेळाडू एकाच वेळी लोनवर बाहेर होते. चाळीस मुलांकडे आपुलकीनं लक्ष देणं कोणत्याही क्लबच्या आवाक्यातलं नाही. तिथं मुलगा शेअरबाजारातल्या गुंतवणुकीसारखा होतो, भाव वाढला तर विकायचा. फिफानं 2022 पासून यावर मर्यादा आणली. आंतरराष्ट्रीय लोनवर आधी आठ, मग सात, आणि जुलै 2024 पासून सहा खेळाडू. लोन वर्षाहून जास्त नको, लोनवरचा खेळाडू तिसऱ्याला द्यायचा नाही, हेही ठरलं. नियम चांगला आहे. पण 21 वर्षांपर्यंतच्या, क्लबनंच घडवलेल्या खेळाडूंना या मोजणीतून वगळलं आहे. म्हणजे ज्यांची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी, तीच मुलं कुंपणाबाहेर राहिली.

लोन वाईटच, असं कुणी समजू नये. आर्सेनलच्या एमिल स्मिथ रोला लाइपझिगमध्ये दुखापतीमुळं जेमतेम खेळायला मिळालं, पण हडर्सफील्डनं त्याला रोज खेळवलं आणि जुलै 2020 मध्ये वेस्ट ब्रॉमविरुद्धचा निर्णायक गोल करून त्यानं त्या क्लबचं दुसऱ्या श्रेणीतलं स्थान राखलं. त्यानंतरच आर्सेनलनं त्याच्यावर भरवसा टाकला. फोडन मात्र कधीच लोनवर गेला नाही, कारण मँचेस्टर सिटीचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्वार्दिओला यांना तो रोज डोळ्यांसमोर हवा होता. दोन्ही वाटांनी मुलं पोचली. दोन्हीकडे कुणीतरी त्या मुलाचा रोज विचार करत होतं.

हे सगळं दूरच्या देशातलं आहे असं मानण्याचं आपल्याला कारण नाही. 2014 मध्ये आपल्याकडे आयएसएल ही नवी लीग सुरू झाली तेव्हा आय-लीगच्या क्लबांनी आपले कितीतरी खेळाडू तिकडे लोनवर दिले. आपला रोमियो फर्नांडिस धेंपोकडून एफसी गोवाला आला, प्रशिक्षक झिको यांच्या हाताखाली चमकला आणि 2015 मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानायन्सेला लोनवर गेला. तिथं बदली खेळाडू म्हणून उतरला. भारतीय फुटबॉलसाठी तो अभिमानाचा क्षण होता आणि वर्तमानपत्रांनी तो साजरा केला. पण खेळायला मिळाली ती मोजकी मिनिटं, आणि त्याच वर्षी तो परतला. ब्राझीलपर्यंत पोचलेल्या या पोराला तिथं पुरेसा खेळवायचा विचार कुणी केला होता का, हा प्रश्न तेव्हा आपण कुणीच विचारला नाही.

म्हणून या सभागृहात बसलेल्या पालकांना, प्रशिक्षकांना आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. उद्या तुमच्या मुलासमोर लोनचा कागद आला, तर क्लबच्या नावाकडे आणि रकमेकडे नंतर पाहा. आधी तिथल्या प्रशिक्षकाशी समोरासमोर बोला. त्यानं या मुलाचे किती सामने पाहिले आहेत, कोणत्या जागी खेळवणार आहे, जानेवारीत परत बोलावण्याची अट आहे का, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आणि पाठवणाऱ्या क्लबांनो, मुलगा गेल्यावर महिन्यातून एकदा तरी त्याचा सामना पाहायला आपला माणूस धाडा.