ब्रेकचे पेडल खाली बसते तेव्हा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावावर आणि कर्जावर बोलणारे आज मंचावर पुष्कळ आहेत. आम्हाला पिकअपच्या ब्रेकवर बोलायचे आहे. हसू नका. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा केंद्रापुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. आता कापूस पिकअपने जिनिंगला जातो, ज्वारी पिकअपने बाजार समितीत जाते आणि सकाळी त्याच पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून वेचणीच्या बाया शेतावर जातात. बैल दमला की आपण होऊन थांबतो. पिकअप थांबते ती फक्त ब्रेकने.

तक्रार अशी असते: ब्रेक लागतो, पण पाय दाबून ठेवला की पेडल हळूहळू खाली जाते. दोन पंप मारले की पुन्हा वर येते. असे पंप मारत हंगाम काढणारे गावोगाव आहेत. पण हिशेब करा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दोन पंप मारण्यात दोन सेकंद गेले तर गाडी २२ मीटर पुढे गेली. तेवढ्या अंतरात शाळेतून येणारे पोर असेल तर?

पेडल खाली का बसते? फवारणीचा पंप आठवा. वॉशर झिजले की दांडा हलतो, पण पंप दाब धरत नाही. ब्रेकचेही तसेच. पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो आणि ते ऑइल चाकांजवळचे ब्रेक दाबते. पाय स्थिर असूनही पेडल खाली चालले, तर ऑइल कुठून तरी निसटते आहे. एक तर ते बाहेर गळते, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आत झिजलेल्या रबरी कपांवरून मागे फिरते.

आधी परीक्षा करा. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा. चार-पाच वेळा पेडल मारा, म्हणजे बूस्टरची ओढ संपते. मग अर्धा मिनिट पेडल दाबून धरा, एकदा हलके आणि एकदा जोराने. चांगले पेडल जागचे हलत नाही. कप झिजले असतील तर पुष्कळदा जोराच्या दाबाला पेडल टिकते आणि हलक्या दाबाला बसते. म्हणून दोन्ही करा. नंतर पाय दाबलेलाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडे खाली जाऊन थांबले तर तो दोष नाही, बूस्टर काम करतो आहे.

दुसऱ्या तक्रारी यात मिसळू नका. पेडल स्पंजासारखे लागते, ती हवा. खूप खाली जाऊन मग घट्ट लागते, तिथे मागच्या लायनरची सेटिंग पाहा. लोड घेऊन घाट उतरताना मऊ पडते आणि गार झाल्यावर सुधारते, तिथे ऑइल तापून उकळते आहे.

पेडल बसतेच असे दिसले, तर डबीतली पातळी पाहा. पातळी उतरत असेल तर गळती शोधा: चारही चाकांच्या आतल्या बाजूला, मागच्या ड्रमच्या आत, रबरी पाइपावर, गंजलेल्या लोखंडी नळीवर. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे जोडले आहेत तिथेही पाहा. तिथून गळलेले ऑइल बूस्टरच्या पोटात जाते, जमिनीवर थेंब दिसत नाही. पॅड झिजले तरी पातळी थोडी उतरते, हेही ध्यानात ठेवा.

पातळी उतरत नाही आणि पेडल मात्र बसते, तर संशय मास्टर सिलिंडरवर. खात्री करायची तर त्याच्या नळ्या सोडवून तोंडे बंद बोल्टने घट्ट बसवायला सांगा. तरीही पेडल बसले तर दोष तिथेच. पेडल दगडासारखे उभे राहिले तर मास्टर सिलिंडर निर्दोष. दोष पुढे शोधा. ही परीक्षा केल्याशिवाय चारही चाकांचे सामान बदलायला पैसे देऊ नका. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि आतली भिंत बोटाने चाचपा. गुळगुळीत असेल तर किटवर भागते. ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवे कप पुन्हा कापले जातील. तिथे पूर्ण सिलिंडरच नवा घ्यावा.

आता सर्वात महत्त्वाचे. नाव ब्रेक ऑइल असले तरी ते तेल नव्हे. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही त्यात जाऊ देऊ नका. रबर फुगते आणि सगळे ब्रेक बिघडतात. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, तेच घाला. हे ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर तीच हद्द १४० अंशांपर्यंत उतरते. म्हणून गेल्या वर्षीचा उघडा डबा वापरू नका.

हवा काढताना डबी रिकामी होऊ देऊ नका. निपल बंद केल्यावरच पाय उचला. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळाला गेले की कप न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून फाटतात आणि चांगला सिलिंडरही बिघडतो. एबीएसच्या गाडीची हवा काढायला काही वेळा मशिन लागते, ती माहीतगाराकडेच न्या.

रस्त्यातच पेडल बसले तर इंजिन बंद करू नका. पंप मारत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी उभी राहिली की माणसे उतरवा आणि दुरुस्तीशिवाय पुढे नेऊ नका. भाडे बुडाले तर बुडू द्या.

मायबहिणींनो, वेचणीला जाताना गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरला विचारा, पंप मारावा लागतो का? लागतो म्हणाला तर बसू नका. आणि भावांनो, बाहेर मैदानात आपल्या पिकअप उभ्या आहेत. सभा संपली की घरी निघण्याआधी प्रत्येकाने आपापल्या गाडीवर ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा करावी. त्याला पैसा लागत नाही.