स्वस्तातली गाडी आणि गटाची वही



सकाळची कामं आवरून, चहाचा कप हातात घेऊन कोणी ऐकत असेल, कोणी रानात खुरपताना मोबाईलवर ऐकत असेल. मी तुमच्यासारखीच एका बचत गटातली बाई. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज योजना, कर्ज, व्याजदर यातलं काही सांगणार नाही. आज एका गाडीची गोष्ट सांगते. जी गाडी आम्ही घेतली नाही, तिची.

माण तालुक्यातला आमचा अकराजणींचा गट. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, पापड, शेवया करतो. एक बाजार दहिवडीला, एक म्हसवडला. दोन्हीकडे जायला वीस-बावीस किलोमीटर. एसटीत पिशव्या घेऊन चढायचं म्हणजे पापडांचा चुरा. म्हणून टेम्पो सांगायचो. एका बाजाराचे सहाशे रुपये, आठवड्याचे बाराशे. दर बैठकीत हा आकडा वहीत लिहिला की कोणी ना कोणी म्हणायचं, "अगं, एवढ्या भाड्यात आपली स्वतःची गाडी झाली असती!"

आणि एक दिवस गाडी चालून आली. गटातल्याच एका ताईंच्या दिरांची जुनी व्हॅन. पेट्रोलवरची, पांढऱ्या पाटीची. किंमत ऐंशी हजार. ताई म्हणाल्या, "बाहेर लाखाच्या वर जाईल. इंजिनात थोडं काम आहे, म्हणून आपल्याला कमीत देतात."

थोडं काम आहे. मैत्रिणींनो, हे तीन शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण आमच्या घरीही एकदा अशीच गाडी आली होती. थोडं काम असलेली. एका रात्री सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत इंजिन तापून गाडी बंद. दुधाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. सासरे वाचले. गाडी भंगारात गेली, पण तिच्या कर्जाचे हप्ते पुढं दीड वर्ष भरत होतो.

पण हे मी बैठकीत लगेच बोलले नाही. आपला अनुभव कडू म्हणून दुसऱ्याच्या वस्तूला नावं ठेवणं बरोबर नाही. मी एवढंच म्हणाले, "आधी बघू, मग हिशेब करू, मग ठरवू."

आम्ही तिघीजणी बघायला गेलो. सोबत गावातला गॅरेजवाला मिस्त्री घेतला. त्याला त्याच्या वेळेचे दोनशे रुपये दिले. हे लक्षात ठेवा. मिस्त्री आपण न्यायचा आणि त्याचे पैसे आपण द्यायचे. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री विकणाऱ्यासारखंच बोलतो.

गाडी एका झटक्यात चालू झाली. आम्ही खूश. मिस्त्रीनं मात्र बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, हे गरम आहे. आपण यायच्या आधी चालवून ठेवलंय. उद्या सकाळी न सांगता येऊ." इंजिनाचं दुखणं ते थंड असताना दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तीनदा किल्ली फिरवल्यावर चालू झाली. मागून पांढरा दाट धूर. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडी वाफ येते आणि जाते, पण हा धूर दहा मिनिटं झाली तरी थांबेना. मिस्त्रीनं आम्हाला समजावलं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, कधी नुसता एअर फिल्टर बदलूनही भागतं. पण असा पांढरा, न थांबणारा धूर म्हणजे कूलंटचं पाणी आत जिथं जायला नको तिथं जातंय. मग त्यानं ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. आतून दुधाच्या सायीसारखा चिकट थर. ऑइलची पट्टी काढली, तीही तशीच. ऑइलात पाणी मिसळलं होतं.

"खर्च किती?" मी विचारलं. तो म्हणाला, "नुसतं हेड गॅस्केट गेलं असेल तर वीस हजारांत भागेल. हेड वाकलं असेल किंवा आत चीर असेल तर फुल इंजिन बांधावं लागेल, पन्नासपर्यंत जाईल. खोलल्याशिवाय सांगता येणार नाही."

त्या आठवड्याच्या बैठकीत वही उघडली. एका बाजूला टेम्पो, आठवड्याला बाराशे. दुसऱ्या बाजूला आपली गाडी. पेट्रोल आठवड्याला सहाशेच्या आसपास. आणि गाडी चालवणार कोण? आमच्यात एकीलाही येत नव्हती. ड्रायव्हर एका फेरीचे तीनशे, म्हणजे दोन बाजारांचे सहाशे. झाले की बाराशे! इंजिन ठणठणीत असतं तरी एक रुपया वाचत नव्हता. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. इतके दिवस भाड्याच्या नावानं बोटं मोडत होतो, पण हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

एक काकू म्हणाल्या, "उरलेल्या दिवशी भाडी मारू." पण पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते. तिच्यात भाड्यानं माणसं किंवा माल नेता येत नाही. अपघात झाला तर विमा हात वर करील.

आणखी एक प्रश्न निघाला. गाडी नावावर कोणाच्या? साधा बचत गट म्हणजे काही नोंदणी केलेली कंपनी नव्हे. कोणा एकीच्या नावावर करायची, तर उद्या चलन आलं, अपघात झाला, तर सगळं तिच्याच गळ्यात. शिवाय कागद बघितले तर आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलंय असं ते सांगत होते, पण बँकेचा दाखला हातात नव्हता. बँकेच्या लेखी संमतीशिवाय अशी गाडी नावावर होत नाही.

शेवटी मी माझ्या घरची गोष्ट सांगितली. मग हात वर करून मत घेतलं. नऊजणी नको म्हणाल्या, एक गप्प राहिली. त्या ताई उठून निघून गेल्या.

हे सगळ्यात अवघड होतं. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. बचत मुलीच्या हातून पाठवली. मी घरी गेले. त्या म्हणाल्या, "घरात माझं तोंड काय राहिलं? दिरांना शब्द दिला होता." मी म्हटलं, "ताई, आम्ही तुम्हाला नाही म्हणालो नाही, त्या इंजिनाला नाही म्हणालो. वहीतले पैसे तुमचेही आहेत." बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला. तिसऱ्या बैठकीला आल्या, पण पूर्वीसारखं हसायला त्यांना अजून वेळ लागतोय. नात्यातला व्यवहार मोडला की थोडं दुखतंच. ते मी तुमच्यापासून लपवत नाही.

आज आमचा टेम्पो भाड्याचाच आहे. फक्त शेजारच्या गावचा एक गट सोबत घेतलाय, भाडं अर्धं-अर्धं. आणि आमच्यातल्या दोघी गाडी शिकतायत. शिकाऊ लायसन निघालंय, महिन्यानंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. त्यातली एक कोण, सांगू? त्याच ताई. म्हणाल्या, "पुढच्या वेळी गाडी मीच चालवून बघणार."

तेव्हा मैत्रिणींनो, स्वस्त गाडी चालून आली तर तीन गोष्टी करा. सकाळी थंड इंजिन बघा, मिस्त्री आपला न्या. कागद हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका. आणि चालवणार कोण, हे वहीत सगळ्यात आधी लिहा. तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर रेडिओ केंद्राला नक्की कळवा.

येते मी. नमस्कार.