मुक्या रुग्णाची शुश्रूषा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. रुग्ण काय म्हणतो ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे त्याची सेवा करायची. मी ३२ वर्षं रुग्णालयात परिचारिका होते. या काळात बोलणारे रुग्ण पाहिले, ओरडणारे पाहिले. तान्ही बाळं बोलत नाहीत, पण निदान रडतात तरी. निवृत्त झाल्यावर मात्र माझ्या वाट्याला असा एक रुग्ण आला, जो बोलत नाही, रडत नाही आणि आपलं दुखणं शक्य तितकं लपवून ठेवतो. हा रुग्ण म्हणजे आमच्या नातीचा ससा. नाव कापूस, वय तीन वर्षं, वजन १ किलो ६०० ग्रॅम.

हल्ली शहरात पुष्कळ घरांत ससे दिसतात. कुत्र्यासारखा भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, म्हणून मुलांच्या हट्टाखातर तो घरी येतो. पण त्याच्याविषयी आपली माहिती बहुधा गोष्टीतल्या सशापुरती आणि गाजरापुरतीच असते. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या माळरानावर दिसणारा रानससा आणि घरात पाळला जाणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो. पण पाळीव सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो बिळं खोदून राहतो, त्याची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा उघड्यावर राहतो, त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्माला येतात. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला घरी आणून पाळता येत नाही.

आता सशाच्या पोटाकडे वळू, कारण सगळी कथा तिथेच आहे. गाय रवंथ करते, तिच्या पोटात गवत आंबवायला चार कप्पे असतात. सशाला रवंथ नाही. त्याची आंबवण्याची सोय लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या एका मोठ्या पिशवीत असते. तिला ‘सीकम’ म्हणतात. सशाच्या पचनमार्गात जेवढं अन्न असतं त्यातलं सुमारे ४० टक्के एकट्या या पिशवीत साठलेलं असतं. गवतातला जाड चोथा पुढे ढकलला जातो आणि त्याच्या कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक भाग मागे फिरून या पिशवीत जातो. तिथले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या वेगळ्या लेंड्या तयार होतात. या लेंड्या ससा जमिनीवर पडूच देत नाही, थेट तोंडात घेऊन गिळतो. पाहणाऱ्याला किळस येते, पण त्याची प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं त्याला याच मार्गाने मिळतात. या दोन तऱ्हेच्या लेंड्यांचं वर्णन मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्यकाने १८८२ साली केलं होतं.

हे यंत्र अखंड चालू राहिलं पाहिजे. त्याला ढकलणारी शक्ती म्हणजे चोथा, म्हणजेच गवत. सशाच्या आहाराचा ८० टक्क्यांहून अधिक भाग गवताचा असावा. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्याला ओकारी येत नाही, त्यामुळे आत गेलेली वस्तू पुढेच सरकली पाहिजे. काही कारणाने आतड्यांची हालचाल मंदावली की आतल्या अन्नातलं पाणी शोषलं जातं आणि त्याचा सुका गोळा होतो. सीकममधल्या जीवाणूंचा तोल बिघडून वायू धरतो. वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. असं हे दुष्टचक्र सुरू होतं. चरायला सुचत नाही तोवर उपाशी ठेवावं, हा माणसाच्या अपचनावरचा घरगुती उपाय सशाच्या जिवावर बेततो. बारा तासांत ससा काही खाल्लेला नसेल आणि लेंडीही पडलेली नसेल, तर ती तातडीची वेळ समजावी.

कारणं अनेक असतात. गवत कमी आणि दाणे, बिस्किटं, फळं जास्त, हे नेहमीचं. दात वाढून टोचणं, पाणी कमी पडणं, कडक उन्हाळा, घर बदलणं, कुठलीही वेदना. आणि भीती! ससा हा शिकार होणारा प्राणी. घाबरला की त्याचं सारं शरीर पळण्याच्या तयारीत जातं आणि पचनाचं काम थांबतं. भीती लांबली की ते थांबलेलंच राहतं. कापूसच्या बाबतीत हेच झालं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या गल्लीत उशिरापर्यंत सुतळी बॉम्ब वाजत होते. दारं-खिडक्या लावून, पिंजऱ्यावर चादर टाकून त्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं. पण आवाज भिंतींना थोडाच जुमानतो! पाडव्याच्या सकाळी नातीने कोथिंबिरीची काडी पुढे केली, तर त्याने तोंड फिरवलं. पोट जमिनीला टेकवून, अंग चोरून तो कोपऱ्यात बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. जवळ कान नेला तर दातांचा करकर आवाज येत होता. गोंजारल्यावर ससा खुशीनेही हलके दात वाजवतो, पण हा आवाज मोठा होता. तो वेदनेचा असतो. ट्रेमध्ये रात्रीपासूनच्या लेंड्या मोजून अकरा, त्याही मिऱ्याएवढ्या.

सणाच्या दिवशी डॉक्टर मिळणं कठीण, त्यातून सशाचा डॉक्टर! दोन ठिकाणी फोन केले. आम्ही फक्त कुत्री-मांजरं पाहतो, असं उत्तर आलं. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर भेटले. त्यांनी आधी तापमान पाहिलं. सशाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ज्याला ताप म्हणायचं ते सशाचं रोजचंच. कापूसचं शंभराच्या खाली उतरलं होतं. सशाचं अंग गार पडणं हे ताप चढण्यापेक्षा वाईट लक्षण. मग एक्स-रे काढला. आतड्यात काही अडकलं असेल आणि जठर फुग्यासारखं फुगलं असेल, तर तोंडाने भरवणं आणि आतड्यांना चालना देणारी औषधं देणं, दोन्ही धोक्याचं. तसं नव्हतं. आतडी नुसती थांबली होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, वेदनाशामक दिलं, आतड्यांच्या चालनेचं औषध दिलं, आणि पुढचं काम घरचं आहे असं सांगून आमची रवानगी केली.

ते घरचं काम कसं केलं, हे जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट ऊब. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला अशासाठी, की नकोसं झालं तर त्याला दूर सरकता यावं. दुसरी गोष्ट पाणी. नळीच्या बाटलीपेक्षा उथळ वाडग्यातून ससा अधिक पाणी पितो. कोथिंबीर, पुदिना ओलाच पुढे ठेवला, म्हणजे पानांबरोबर चार थेंब पोटात जातात.

तिसरी गोष्ट भरवणं. आजारी सशांसाठी गवताची तयार भुकटी मिळते. ती त्या दिवशी हाती लागली नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या नेहमीच्या गवताच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून पातळ लापशी केली. बिनसुईच्या सिरिंजने ती भरवायची. सशाला कधी उताणा करायचा नाही. टॉवेलात गुंडाळून, चारी पाय खाली ठेवून, मांडीवर किंवा टेबलावर घ्यायचं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंजचं टोक आत सरकवायचं. एका वेळी एक मिलीहून कमी. तो चावतो, गिळतो, मग पुढचा घास. घाई केली तर लापशी श्वासनलिकेत जाते आणि पोटातून वाचलेला ससा फुप्फुसाने जातो. डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे एका खेपेला १५ मिली, दिवसातून पाच खेपा असं ठरवून दिलं होतं. एका खेपेला पाऊण तास लागे.

चौथी गोष्ट हालचाल. खोलीत सतरंजी अंथरून त्याला दर दोन तासांनी मोकळं सोडायचं. चार उड्या मारल्या तरी आतड्यांना मदत होते.

आणि पाचवी गोष्ट, जी माझ्या जुन्या सवयीची, म्हणजे तक्ता. वॉर्डात आम्ही रुग्णाच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं याची नोंद ठेवायचो. तसाच तक्ता वहीच्या पानावर आखला. वेळ, लापशी किती, पाणी किती, औषध कोणतं, लेंड्या किती, आकार कसा, रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. लेंड्या मोजायचं काम नातीने मागून घेतलं. तिने पहिल्या रात्री विचारलं, “आजी, कापूस वाचेल ना?” वॉर्डात नातेवाईक हाच प्रश्न विचारत, तेव्हा जे सांगायचे तेच तिला सांगितलं, “आत्ता नाही सांगता येत. आपण करायचं ते करतोय. उद्या तक्ता बघू.” मुलांना खोटा धीर देऊ नये. त्यांना हाताला काम द्यावं.

त्या रात्री रकान्यात शून्य, शून्य आणि शून्य. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दुपारी चारच्या सुमारास नात स्वयंपाकघरात धावत आली. ट्रेमध्ये तीन लेंड्या होत्या! बारीक, काळ्या आणि केसांनी माळेसारख्या ओवलेल्या. औक्षणाचं तबक तसंच ठेवून सगळं घर त्या तीन लेंड्या पाहायला जमलं.

या केसांविषयी एक खुलासा करते. पूर्वी समजत, की अंग चाटताना गिळलेल्या केसांचा गोळा होऊन आतडी बंद पडतात. त्यावर अननसाचा रस पाजायला सांगणारे अजूनही भेटतात. पण निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच. आतडी मंदावतात आणि पाणी आटतं म्हणून त्या केसांचा गोळा होतो. अननसाच्या रसाने केस विरघळत नाहीत, उलट त्यातली साखर बिघडलेल्या पोटात भर घालते.

लेंड्या पडल्या म्हणजे ससा बरा झाला, असं मात्र नाही. माझ्या मते खरी शुश्रूषा इथून सुरू होते, कारण घरातले सगळे निर्धास्त होतात. आपण आजारी माणसाला ‘आता बरं वाटतंय तर हे खा, ते खा’ करतो, तसं इथे करायचं नाही. केळ्याचा तुकडा तो आनंदाने खाईल आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसेल. आम्ही आधी फक्त वाळलेलं गवत आणि हिरवी हरळी दिली. हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा. ती धुऊन द्यावी आणि फवारणी झालेल्या बागेतली घेऊ नये. लसूणघास सशांना आवडतो, पण तो वाढत्या पिल्लांचा आहार आहे. मोठ्या सशाला त्यात चुना आणि प्रथिनं जास्त होतात. तो आपणहून गवत खाऊ लागला तशी लापशी एकेका खेपेने कमी केली. वेदनाशामक मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत चालू ठेवलं. सातव्या दिवशी लेंड्या शंभरावर गेल्या. वजन उतरून १ किलो ४२० ग्रॅम झालं होतं, ते तुळशीच्या लग्नापर्यंत १ किलो ५७० ग्रॅमवर आलं.

आणखी एक इशारा. घरातल्या माणसांची औषधं सशाला कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं आपल्या ओळखीचं प्रतिजैविक सशाच्या तोंडावाटे पोटात गेलं, तर सीकममधले उपयोगी जीवाणू मरतात, विषारी जीवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो.

त्या दिवसांत शेजारच्या एका काकांनी मला सरळच विचारलं होतं, “सिस्टर, सशाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च केलात. एवढ्यात चार ससे आले असते.” हिशेब चुकीचा नव्हता. पण वॉर्डात मी कधी खाटेवरच्या माणसाची किंमत विचारून सलाईन लावलं नाही. कापूस आपल्या मर्जीने आमच्या घरी आलेला नव्हता. आम्ही त्याला आणलं, तेव्हाच त्याच्या आजारपणाची जबाबदारीही आणली. ज्यांना ती परवडणार नसेल, त्यांनी ससा आणू नये. हे सांगण्यात कठोरपणा आहे असं मला वाटत नाही. आणि हेही सांगते, की एवढं सगळं करूनही काही ससे वाचत नाहीत. त्या घरांची सेवा कमी पडली, असं कुणी म्हणू नये.

ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी दोन गोष्टी आजच कराव्यात. सशावर उपचार करणारा डॉक्टर आपल्या गावात कोण आहे, हे तो धडधाकट असतानाच शोधून ठेवावं. आणि रोज सकाळी ट्रे साफ करताना लेंड्यांकडे एक नजर टाकावी. कालच्यापेक्षा कमी आहेत का, लहान आहेत का, एवढंच पाहायचं. या प्राण्याला बोलता येत नाही. जे काही तो सांगतो, ते त्या ट्रेमध्ये असतं. आणि ज्यांच्या घरी ससा नाही, त्यांनी येत्या दिवाळीत बॉम्बची वात पेटवण्याआधी वरच्या मजल्यावर कोण राहतं, एवढा विचार केला तरी पुष्कळ झालं.