औषधाची निवड

न्यूमोनियाच्या रोग्यास पेनिसिलिन दिले म्हणजे जिवाणू मरतात आणि रोग्याच्या पेशींना सहसा धक्का लागत नाही. याचे कारण साधे आहे. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत नीट उभी राहू देत नाही, आणि मनुष्याच्या पेशीला अशी भिंतच नसते. बुरशी आणि परजीवी यांची गोष्ट निराळी. त्यांच्या पेशीत मनुष्याच्या पेशीप्रमाणेच स्वतंत्र केंद्रक असते आणि आतला व्यवहारही बव्हंशी तसाच चालतो. शत्रूची घडण घरच्या माणसांसारखी असली म्हणजे त्याच्यावर घातलेला घाव घरच्यांनाही लागतो; सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून या रोगांत औषध हाती असणे पुरेसे नसते. कोणत्या जंतूवर, कोणत्या रोग्याला, कोणत्या प्रदेशात आणि किती मात्रेत ते द्यावे, या निवडीवरच रोग्याचे जीवित अवलंबून राहते.

काळ्या आजाराचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय. बंगाल, आसाम आणि बिहार या प्रांतांत या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली. ताप महिनोन् महिने हटत नाही, प्लीहा वाढून पोट व्यापते, शरीर वाळते आणि त्वचा काळवंडते. उपचार न झाल्यास शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी दगावत. डमडमहून परतलेल्या एका मृत सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लिशमन यांना, आणि मद्रासच्या रोग्यांत चार्ल्स डोनोव्हन यांना या रोगाचा परजीवी आढळला. दोघांचीही निरीक्षणे १९०३ साली प्रसिद्ध झाली आणि दोघांचीही नावे त्या परजीवीस मिळाली. वाळूमाशीच्या दंशाने तो एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो, हे मात्र १९४२ साली सिद्ध झाले.

या रोगावरील पहिले खरे औषध अँटिमनी या धातूपासून आले. ज्या खनिजाचा सुरमा करीत, त्यातीलच हा धातू. त्याचा टार्टर एमेटिक नावाचा क्षार शिरेतून देत. तो परजीवीस मारी, पण रोग्यालाही बेजार करी. उलट्या होत, हृदयावर ताण येई आणि उपचार दीर्घकाळ चाले. अँटिमनीचा गुण राखून त्याचे विष कमी कसे करावे, हा प्रश्न कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयातील डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी हाती घेतला. विजेचा दिवा नसलेल्या एका लहानशा खोलीत, धुरकट कंदिलाच्या उजेडात त्यांचे प्रयोग चालत. त्यांतून युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध झाले आणि १९२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असंख्य लोकांचे प्राण या औषधाने वाचले. पुढे अँटिमनीचीच, पण अधिक सुलभ अशी सोडियम स्टिबोग्लुकोनेटची इंजेक्शने प्रचारात आली आणि हा रोग आता कायमचा आटोक्यात आला, अशी समजूत पसरली.

ही समजूत फार काळ टिकली नाही. रोग पुन्हा बळावला, तेव्हा उत्तर बिहारमध्ये हीच इंजेक्शने वारेमाप वापरली गेली. कोठे मात्रा अपुरी, कोठे उपचार अर्ध्यावर सोडलेला, कोठे देणाऱ्यास रोगाची पुरती ओळखही नाही. अर्धवट मारा झालेल्या परजीवींतून जे चिवट होते ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अँटिमनीची पूर्ण मात्रा देऊनही बिहारमधील रोग्यांपैकी शेकडा ३५ च बरे झाले. शेजारच्या उत्तर प्रदेशातील रोग्यांत हेच प्रमाण शेकडा ८६ होते. औषध तेच आणि रोगही तोच. बदलला तो केवळ मुलूख. निवड करताना प्रदेश का पाहावा लागतो, हे या दोन आकड्यांवरून ध्यानी येते.

अशा वेळी साहाय्यास आले ते मुळात बुरशीवर शोधलेले औषध. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातून आणलेल्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून १९५० नंतरच्या दशकात अँफोटेरिसिन-बी मिळविण्यात आले होते. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हे औषध त्याला चिकटते, आवरणास छिद्रे पडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपून ती मरते. काळ्या आजाराच्या परजीवीचे आवरणही याच जातीच्या पदार्थांनी घडलेले असते. वंशाने बुरशीहून अगदी दूरचा असूनही तो त्याच औषधाने मरतो, त्याचे कारण हे. मनुष्याच्या पेशीत अर्गोस्टेरॉलच्या जागी कोलेस्टेरॉल असते. दोहोंत फरक आहे, पण तो थोडा आहे; म्हणूनच हे औषध मूत्रपिंडास इजा करते आणि ते देताना रोग्यास थंडी वाजून हुडहुडी भरते.

याच कुळातील एक औषध महाराष्ट्राच्या मातीतही सापडले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्यात डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरीचे नाव गोवलेले आहे.

अँफोटेरिसिनचे विष कमी करण्याचा मार्ग पुढे निघाला. औषधाचे रेणू सूक्ष्म स्निग्ध कोशांत बसविले, तर काळ्या आजाराचा परजीवी ज्या पेशींत दडून बसतो त्याच पेशी हे कोश गिळतात, आणि मूत्रपिंडास बरेच अभय मिळते. डॉ. श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्ये केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जुन्या प्रकारचे औषध एक दिवसाआड, महिनाभरात १५ वेळा द्यावे लागे. नव्या प्रकारचे औषध वजनाच्या दर किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम या मात्रेत एकदाच दिले, तरी सहा महिन्यांनंतर बरे ठरलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा ९५ हून अधिक होते. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या मजुरास महिनाभर रुग्णालयात पडून राहणे आणि एका दिवसात घरी जाणे यांतील अंतर सांगावयास नको. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०१४ पासून ही एका मात्रेची पद्धत स्वीकारली.

तथापि हेच औषध सर्वांना सर्वकाळ असे म्हणता येत नाही. मिल्टेफोसिन हे पोटात घेण्याचे औषध मूळचे कर्करोगासाठी शोधलेले. भारतात काळ्या आजारासाठी त्यास २००२ साली मान्यता मिळाली. पण गर्भाला त्यापासून धोका असल्यामुळे गर्भवतीस ते वर्ज्य ठरते. शिवाय दहा वर्षांच्या वापरानंतर रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसून आले. काही रोग्यांत ताप गेल्यावर महिन्यांनी वा वर्षांनी त्वचेवर डाग उमटतात; त्यांतील परजीवी एका मात्रेने हटत नाहीत आणि उपचार लांबवावा लागतो. दोन औषधे एकत्र देऊन परजीवीस चिवट होण्याची संधीच न द्यावी, हाही विचार याच अनुभवातून पुढे आला.

२०२१ सालच्या उन्हाळ्यात अँफोटेरिसिनचे नाव घरोघरी पोहोचले. कोविडच्या साथीत मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या अनेकांच्या नाकात, डोळ्यांत व जबड्यात म्युकर जातीची बुरशी शिरली. लोकांनी तिला काळी बुरशी म्हटले. वास्तविक काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली त्वचा आणि मांस. महाराष्ट्रात आणि गुजरातेत रोग्यांची संख्या मोठी होती. औषधाचा तुटवडा पडला आणि नातेवाईक एका गावाहून दुसऱ्या गावी कुप्या शोधीत फिरले. बुरशीवरचे दुसरे एखादे औषध का चालू नये, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण फ्लुकोनॅझोल म्युकरवर निष्फळ ठरते. ॲस्परजिलस या बुरशीवर गुणकारी असणारे व्होरिकोनॅझोलही म्युकरपुढे हतबल होते. या दोन बुरशींमधील भेद पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीच उघड होतो: ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पडद्यांनी विभागलेले, म्युकरचे रुंद, पडदे क्वचित असलेले. काचपट्टीवरील एवढ्याशा खुणेवर औषधाची निवड होते. औषध अचूक असले, तरी मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि रक्तातील साखर ताब्यात आणावी लागते.

या मोठ्या रोगांच्या मानाने नायटा अगदी क्षुल्लक वाटतो. परंतु निवडीचा नियम तेथेही तोच आहे. दुकानातून विचारल्यावाचून आणलेल्या मलमात पुष्कळदा बुरशीनाशकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून रोगी समाधान मानतो. पण स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दडपला जातो, नायट्याचे ओळखीचे कडे पुसट होते आणि बुरशी आजूबाजूस पसरते. भारतात अलीकडे पसरलेल्या नायट्याच्या एका बुरशीला २०२० साली स्वतंत्र नाव देण्यात आले. तिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन हे एरवी भरवशाचे औषध लागू पडत नाही. बिहारात अँटिमनीचे जे झाले, त्याचीच छाया येथे दिसते.

बुरशी आणि परजीवी यांच्यावरील औषधे मोजकीच आहेत, आणि त्यांतील एकेक सिद्ध करण्यास दशके लागली आहेत. अँटिमनीचे औषध अपुऱ्या मात्रेने आणि अर्धवट उपचाराने कसे निकामी झाले, हे देशाने एकदा पाहिले. रोगाची ओळख पटविल्यावाचून औषध न घेणे आणि घेतलेले औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पुरते घेणे, एवढे तरी प्रत्येक रोग्याच्या हाती असते. त्यात त्याचे हित आहेच. त्याच्यामागून आजारी पडणाऱ्या शेजाऱ्याचेही आहे.