गावाचा रेडिओ

जॅझचं माहेर म्हणजे अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. तिथं डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे लोकांचं रेडिओ केंद्र १९८० पासून चालू आहे. गाणी लावणारे बहुतेक स्वयंसेवक. सुरुवातीच्या काळात स्टुडिओ टिपिटिनाज या संगीतगृहाच्या माडीवर होता. खाली मैफल रंगली, की माडीच्या जमिनीतल्या भोकातून मायक्रोफोन खाली सोडायचा. झालं थेट प्रक्षेपण! मला सगळ्यात मोलाची वाटते ती 'लाइव्हवायर'. दर दोन तासांनी, आज गावात कोण कुठं वाजवणार, याची यादी निवेदक वाचून दाखवतात. २००५ मध्ये कॅटरिना वादळानं गाव रिकामं केलं, तेव्हा केंद्र इंटरनेटवरून सुरू झालं आणि पांगलेल्या माणसांना परक्या गावी आपल्या गल्लीतलं संगीत ऐकू आलं.